तोफेपासून खाणीपर्यंत: ओशिमा ताकातो

बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, कास्टिंग फुटलं की फाउंड्रीत पहिला संशय साच्यावर जातो. वाळू ओली होती का, कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) हलला का, ओतताना कुणी घाई केली का. मग भट्टीवाल्याला बोलावणं येतं. कच्चा माल कुठला होता, हे विचारायची पाळी सगळ्यात शेवटी येते आणि पुष्कळदा येतच नाही. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत मेल्टिंग विभागात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे हा क्रम मला पाठ आहे.

1850च्या दशकात जपानमधल्या एका माणसाने हाच क्रम उलट्या बाजूने धरला. त्याच्याकडे तोफा ओतायचं काम आलं होतं. साचा, भट्टी, विटा, सगळं त्याने परदेशी पुस्तकावरून उभं केलं. मग त्याच्या लक्षात आलं की खोट लोखंडातच आहे. तेव्हा तो तोफ सोडून लोखंडाच्या मागे गेला, लोखंडामागून खनिजाच्या डोंगरात गेला आणि तिथे राहून त्याने जपानमधली पहिली चालती पाश्चात्त्य पद्धतीची झोतभट्टी, म्हणजे हवेचा झोत मारून खनिजातून लोखंड गाळणारी उंच भट्टी, उभारली. ओशिमा ताकातो हे त्यांचं नाव. जपानमध्ये त्यांना आधुनिक लोखंडनिर्मितीचे जनक मानतात. मराठीत त्यांच्यावर फारसं काही माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

ताकातो 1826 साली मोरिओकात जन्मले. होन्शू बेटाच्या उत्तर टोकाकडचं नाम्बु हे संस्थान, आणि वडील संस्थानचे वैद्य. घरात औषधं आणि ग्रंथ होते, दारूगोळ्याचा काही संबंध नव्हता. सोळा-सतराव्या वर्षी मुलाला एडोला, म्हणजे आजच्या टोकियोला पाठवलं ते डच वैद्यक शिकायला. त्या काळी जपानचा युरोपशी संबंध नागासाकीच्या बंदरातल्या डच व्यापाऱ्यांपुरता होता, त्यामुळे पाश्चात्त्य विद्या म्हणजे डच पुस्तकं असाच हिशोब होता. मित्सुकुरी गेम्पो आणि त्सुबोई शिन्दो या नावाजलेल्या गुरूंकडे ताकातो डच शिकले. पुढे 1846 मध्ये ते नागासाकीला गेले आणि तिथे वैद्यक बाजूला पडलं. तोफखाना, खाणकाम आणि धातू गाळण्याची विद्या यांनी त्यांना ओढून घेतलं.

तसं होणं स्वाभाविक होतं. अफूच्या युद्धात चीनचं काय झालं याच्या बातम्या नागासाकीत पोचलेल्या होत्या. डच वाचू शकणाऱ्या प्रत्येक तरुणापुढे एकच प्रश्न होता, ही जहाजं उद्या आपल्या किनाऱ्याला लागली तर आपण काय करणार? त्यामुळे डच वैद्यकाचे किती तरी विद्यार्थी त्या पिढीत लष्करी विद्येकडे वळले. ताकातो त्यांपैकीच एक होते. फरक पडला तो पुढे.

नागासाकीत त्यांच्या हाती एक पुस्तक लागलं. उलरिक ह्युगेनिन नावाचा डच तोफखान्यातला अधिकारी लिएजच्या सरकारी तोफ ओतशाळेचा प्रमुख होता. तिथे लोखंडी तोफा कशा ओततात याचं सविस्तर वर्णन त्याने लिहिलं आणि ते 1826 साली हेगमध्ये छापलं गेलं. ताकातोंचा जन्म आणि हे पुस्तक एकाच वर्षातलं. तेझुका रित्सुझो या सहकाऱ्याबरोबर ताकातोंनी त्याचं जपानी भाषांतर केलं. त्याच पुस्तकाची इतरही भाषांतरं झाली आणि सागा, सात्सुमा, निरायामा या ठिकाणच्या भट्ट्या त्याच्याच आधाराने उभ्या राहिल्या. एकाही जपानी माणसाने लिएजची ओतशाळा पाहिलेली नव्हती. आकृत्या आणि मजकूर एवढीच सगळ्यांची शिदोरी.

मला या गोष्टीचं किती अप्रूप वाटतं ते सांगतो. भट्टीचं काम वाचून येत नाही. धातू तयार झाला की नाही हे त्याच्या रंगावरून आणि पृष्ठभागावरच्या हालचालीवरून कळतं. ते डोळ्याला शिकवायला वर्षं लागतात आणि शेजारी जाणता माणूस उभा असावा लागतो. या लोकांच्या शेजारी कुणी नव्हतं. सागाच्या लोकांनी 1850 मध्ये भट्टी बांधली आणि पहिल्या कितीतरी खेपा वाया घालवल्या. धातू पुरता वितळेना, वितळला तर तोफ सच्छिद्र निघे, धड दिसली तर चाचणीत फुटे. तरी ते मागे हटले नाहीत.

1853च्या जुलैमध्ये अमेरिकन आरमाराचा कमोडोर पेरी चार जहाजं घेऊन उरागाच्या समुद्रात आला आणि तोफांचा प्रश्न एका दिवसात राष्ट्राचा प्रश्न झाला. मितो संस्थानचे तोकुगावा नारिआकी हे परकीयांना विरोध करणाऱ्यांचे पुढारी. तोफांसाठी आधीच देवळांच्या घंटा काढून घेऊन वितळवण्यापर्यंत त्यांची मजल गेली होती. पण त्या घंटा काशाच्या. भरपूर तोफा हव्या तर लोखंडाच्याच ओतायला हव्यात. नारिआकींचे सल्लागार फुजिता तोको यांनी माणसं शोधली आणि नाम्बु संस्थानाकडून ताकातोंना मागून घेतलं. सोबत सात्सुमाचे ताकेशिता सेइएमोन आणि मिहारूचे कुमादा कामोन होते. तीन वेगवेगळ्या संस्थानांतली माणसं चौथ्या संस्थानासाठी एकत्र काम करत होती. त्या काळच्या जपानात ही साधी बाब नव्हती.

जागा ठरली नाकामिनातो, पॅसिफिकच्या किनाऱ्यावरचं बंदर. बांधायची होती परावर्तनी भट्टी. ती कशी असते हे थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा पेच तिच्यातच आहे. जळण एका कप्प्यात, लोखंड दुसऱ्या कप्प्यात. वर कमानीसारखं छत. जळणाची ज्वाळा छतावर आपटून खाली लोखंडावर येते आणि पलीकडच्या उंच धुराड्यातून निघून जाते. भाता लागत नाही, धुराडंच हवा ओढतं. निरायामाची मूळ भट्टी अजून उभी आहे, तिची धुराडी 15 मीटरहून उंच आहेत. अशा भट्टीत एका वेळी पुष्कळ धातू वितळतो, आणि मोठी तोफ एका ओतात भरायला तेच हवं असतं.

आता विटा. साधी वीट या उष्णतेपुढे टिकत नाही, मऊ पडते आणि छत खाली येतं. बीड साधारण 1,150 ते 1,200 अंशांना वितळतं. ते ओतण्याजोगं पातळ करायचं तर भट्टीतली उष्णता त्याच्याही पुष्कळ वर न्यावी लागते. मितोत अशी वीट आधी कुणी भाजलेली नव्हती. मितोच्या हद्दीतल्या माती तपासून, स्थानिक कारागिरांना हाताशी धरून या मंडळींनी ती तयार केली. 1855 मध्ये पहिली भट्टी उभी राहिली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एडोला मोठा भूकंप झाला आणि त्यात फुजिता तोको गेले. ज्यांनी ताकातोंना आणलं, त्यांनी भट्टी पेटलेली पाहिली नाही. 1856 मध्ये त्या भट्टीतून पहिल्या उखळी तोफा ओतल्या गेल्या.

इथे दुसरा कुणी असता तर त्याने काम फत्ते झालं म्हटलं असतं. ताकातो तसं म्हणायला तयार नव्हते.

जपानचं पारंपरिक लोखंड तातारा पद्धतीचं. मातीची बुटकी लांबट भट्टी, पायांनी चालवायचे भाते, लोहयुक्त वाळू आणि लाकडी कोळसा. एकेक खेप काही दिवस अहोरात्र चाले आणि शेवटी भट्टी फोडून माल काढत. तलवारीचं उत्तम पोलाद तिथूनच आलं आणि त्या कारागिरांपुढे मी हात जोडतो. पण तातारातून निघणारं बीड पांढऱ्या जातीचं असतं. त्यात सिलिकॉन जवळजवळ नसतं, त्यामुळे कार्बन ग्रॅफाइटच्या रूपात सुटा होत नाही, लोखंडाशी बांधलेलाच राहतो. असं बीड काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं.

ज्यांनी मशीन शॉपचा फोन घेतला आहे त्यांना हे लगेच कळेल. 'टूल तुटतंय, तुमच्या मालाला चिल आहे.' चिल म्हणजे बीड पटकन थंड होऊन पांढरं, कडक पडणं. आम्ही ओतायच्या आधी पाचरीच्या आकाराचा छोटा नमुना ओतून तो फोडतो. टोकाकडे पांढरा पट्टा किती आला ते बघतो आणि जास्त दिसला तर फेरोसिलिकॉन, म्हणजे लोखंड-सिलिकॉनचा मिश्रधातू, टाकतो. दोन मिनिटांचं काम. ताकातोंकडे फेरोसिलिकॉन नव्हतं. तोफेची नळी पोखरायची तर धातू थोडा मऊ हवा, आणि बार उडाल्यावर फुटायची नसेल तर तो थोडा सोसणारा हवा. करडं बीड, म्हणजे ज्यात कार्बन ग्रॅफाइट होऊन सुटा झालेला असतो ते, दोन्ही करतं, पांढरं बीड दोन्ही करत नाही. त्यातून परावर्तनी भट्टीत ज्वाळा थेट धातूवर येते, म्हणजे आहे ते सिलिकॉनही थोडं जळून जातं. भट्टी कितीही उत्तम बांधा, तिच्यात घातलेला माल मुळात चांगला नसेल तर ती त्याला आणखी खालीच नेते.

सिलिकॉनची भाषा ताकातोंना ठाऊक नव्हती, पण निष्कर्ष त्यांनी नेमका काढला. वाळूपासून काढलेलं लोखंड तोफेला चालणार नाही. डोंगरातलं दगडी खनिज उंच झोतभट्टीत गाळून काढलेलं बीडच हवं. आणि असं खनिज कुठे आहे हे त्यांना माहीत होतं, कारण ते त्यांच्याच संस्थानात होतं. कामाइशी गावामागच्या डोंगरात, ओहाशी इथे चुंबकी लोहखनिज असल्याचं 1727 पासून ठाऊक होतं, पण कुणी त्याला हात लावला नव्हता. कठीण दगड, तातारात गळत नाही. उंच भट्टीला मात्र ढेकळंच लागतात. बारीक वाळू घातली तर झोत अडतो, ढेकळांमधून वारा वर चढतो. एका भट्टीला जे नकोसं, तेच दुसरीला हवं होतं.

ताकातो आपल्या नाम्बु संस्थानात परतले आणि ओहाशीला भट्टी बांधायला लागले. पैसा बव्हंशी स्थानिक व्यापाऱ्यांनी घातला. संस्थान कंगाल होतं. पेरी आला त्याच 1853 साली याच किनाऱ्यावरचे हजारो शेतकरी करांना कंटाळून शेजारच्या सेंदाई संस्थानाच्या हद्दीत निघून गेले होते. अशा मुलखात एक माणूस डच पुस्तक घेऊन डोंगरात भट्टी बांधतो आणि व्यापारी त्याला पैसे देतात, हा विश्वास कुठून आला असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, त्या माणसाने हिशोब मांडून दाखवला असणार. त्यांचं पुढचं सगळं वागणं हिशोबी माणसाचं आहे.

ह्युगेनिनच्या पुस्तकाचा विषय तोफा ओतणं हा होता, झोतभट्टीची माहिती त्यात त्या ओघात येते. ताकातोंनी ती उचलली आणि डोंगराला शोभेल अशी करून घेतली. बाहेरून ग्रॅनाइटचे घडीव चिरे, आतून अग्निविटा. झोतासाठी जपानी पेटीभाते, आणि ते चालवायला ओढ्याच्या पाण्यावरचं पाणचक्र. जळण आसपासच्या जंगलातला लाकडी कोळसा. वाफेचं यंत्र नाही, बाहेरून आणलेला एकही भाग नाही. गावातला पाथरवट, सुतार आणि कोळसेवाला मिळून जे दुरुस्त करू शकतील तेच त्यांनी वापरलं.

जपानी पंचांगाप्रमाणे आन्सेई काळाच्या चौथ्या वर्षी बाराव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी ओहाशीच्या भट्टीतून बीड वाहिलं. आपल्या कॅलेंडरने तो दिवस 15 जानेवारी 1858 येतो. जपानमध्ये मात्र 1 डिसेंबर हाच लोखंडाचा स्मृतिदिन म्हणून पाळतात.

ओहाशीत आता पाहण्यासारखं विशेष उरलेलं नाही. पाहायचं ते हाशिनोला. 1858 मध्ये ताकातोंच्या देखरेखीखाली तिथे भट्टी उभी राहिली, पुढे आणखी दोन झाल्या, आणि 1894 पर्यंत तिथे काम चाललं. 2015 मध्ये युनेस्कोने मेइजी औद्योगिक क्रांतीच्या वारसास्थळांत हाशिनोचा समावेश केला. मुलगी सेंदाईला असते, तिच्याबरोबर मी तिथे गेलो. कामाइशीहून गाडीने डोंगरात शिरलं की वस्ती विरळ होत जाते आणि एका दरीत तीन चौकोनी दगडी पाये दिसतात. प्रत्येकावर चिऱ्यांचे काही थर शिल्लक आहेत. मुलीला वाटलं होतं एवढ्यासाठी इतक्या लांब आलो का. मी तिला आधी पाण्याचा पाट दाखवला, मग भात्याची जागा, मग खनिज भाजायची जागा. वर खाण, मध्ये भट्ट्या, शेजारून ओढा. चढावरून उतारावर माल आपोआप खाली येईल अशी सगळी मांडणी आहे. भरभराटीच्या काळात इथे सुमारे एक हजार माणसं, दीडशे बैल आणि पन्नास घोडे राबत होते. तिने मग स्वतःच विचारलं, इतक्या लोकांना कोळसा कुठून पुरायचा?

तोच खरा प्रश्न. लाकडी कोळशावरची भट्टी म्हणजे जंगलाची भूक. एका डोंगराचं लाकूड संपलं की दुसऱ्या डोंगरातून आणावं लागतं, आणि अंतर वाढलं की बीड महाग होतं. हाशिनोच्या भट्ट्या लहान का आहेत, एकच मोठी बांधायच्या ऐवजी तीन का, आणि त्या ओहाशीपासून दूर वेगळ्या दरीत का, याची उत्तरं माझ्या मते या कोळशात आहेत. फाउंड्रीत राहिलेल्या माणसाला हे पाये पाहून जे समजतं ते फलकावर लिहिलेलं नसतं. मी तिथून हलायला तयार नव्हतो.

कामाइशी गावात लोखंडाच्या इतिहासाचं संग्रहालय आहे, तिथे हाशिनोच्या एका भट्टीची पूर्ण आकाराची प्रतिकृती ठेवली आहे. आधी हे पाहून मग हाशिनोला जावं, म्हणजे पायावर उरलेली भट्टी मनात उभी करता येते. बाजूच्या टेकडीवर कान्नोन या करुणेच्या बौद्ध देवतेची 48.5 मीटर उंच पांढरी मूर्ती समुद्राकडे तोंड करून उभी आहे. या गावाने 1896ची त्सुनामी पाहिली, 1945 मध्ये युद्धनौकांचा भडिमार सोसला आणि 2011 मध्ये पुन्हा समुद्र आत आला. त्यावर मी घाईने काही लिहिणार नाही.

मूळ धाग्याकडे येतो. कामाइशीचं बीड जहाजाने मितोला जायला लागलं, आणि त्याच 1858 साली एडोच्या दरबारातल्या राजकारणात नारिआकी हरले आणि त्यांना नजरकैदेत टाकलं. नाकामिनातोचं काम थंडावलं. पुढे 1864 मध्ये मितोच्या आपसातल्या लढाईत त्या भट्ट्या नष्ट झाल्या. आज तिथे दिसते ती 1937 मध्ये पुन्हा बांधलेली प्रतिकृती. म्हणजे ज्या तोफांसाठी हे बीड काढलं, त्यांचा कारखानाच गेला. भट्ट्या मात्र चालू राहिल्या, कारण बीड कुणालाही लागतं. त्यातला मोठा भाग लोखंडी नाणी पाडण्यात गेला.

ताकातो आता लष्करी विद्येचे पंडित उरले नव्हते. 1860च्या दशकाच्या सुरुवातीला मोरिओकात निस्शिन्दो नावाची पाश्चात्त्य विद्यांची शाळा काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. 1862 मध्ये राफेल पम्पेली आणि विल्यम ब्लेक हे अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ होक्काइदोत आले, तेव्हा हाकोदातेला त्यांच्याबरोबर काम करून खाणीत सुरुंगाची दारू कशी वापरायची ते शिकून घेतलं. नाव झालेला, पस्तिशी ओलांडलेला माणूस पुन्हा विद्यार्थी होऊन बसला, हे मला फार मोलाचं वाटतं.

1868च्या यादवीत, शोगुनची सत्ता जाऊन सम्राटाची आली तेव्हा, नाम्बु संस्थान हरणाऱ्या बाजूला होतं. तरीही नव्या मेइजी सरकारने ताकातोंना बोलावलं, कारण खाणी कळणारा असा दुसरा माणूस हाताशी नव्हता. खाणकामाची शाळा काढा, असा त्यांचा सरकारकडे आग्रह होता. 1871च्या अखेरीस इवाकुरा शिष्टमंडळ अमेरिका आणि युरोपच्या दौऱ्यावर निघालं, त्यात ताकातो खाणतज्ज्ञ म्हणून होते. जर्मनीतलं फ्रायबर्ग, खाणविद्येचं माहेरघर, त्यांनी या दौऱ्यात पाहिलं. पुस्तकावरून ओळखलेला युरोप त्यांनी पंचेचाळिशी उलटल्यावर डोळ्यांनी पाहिला.

आणि मग ती गोष्ट घडली, जी वाचून मला आजही राग येतो. सरकारने कामाइशीला मोठा लोखंड कारखाना काढायचं ठरवलं. आराखडे दोन होते. ताकातोंचा आराखडा होता लहान भट्ट्यांचा आणि घोड्यांनी ओढायच्या रेल्वेचा. सुरुवात झेपेल तेवढी करावी आणि मग वाढवत जावं. जर्मन अभियंता बियांकी यांचा आराखडा होता रोज 25 टन बीड देणाऱ्या दोन मोठ्या भट्ट्यांचा आणि वाफेच्या इंजिनाच्या रेल्वेचा. सरकारने बियांकींचा आराखडा उचलला आणि ताकातोंची बदली आकिता भागातल्या कोसाका खाणीवर केली. ज्याने याच डोंगरात दोन दशकं आधी बीड काढून दाखवलं होतं, त्यालाच दूर पाठवलं.

इंग्लंडहून यंत्रं आली, रेल्वे धावू लागली. सप्टेंबर 1880 मध्ये भट्टी पेटली आणि 97 दिवसांनी बंद पडली, कारण कोळसा पुरेना. 1882 मध्ये कोक (दगडी कोळसा भाजून केलेलं जळण) वापरून पुन्हा प्रयत्न केला, तर भट्टीत माल गोठून ती तुंबली. सरकारने कारखानाच मोडीत काढला. डोंगर एका दिवसात किती कोळसा देऊ शकतो हा आकडा भट्टीच्या आकाराच्या आधी मांडायचा असतो. ताकातोंनी तो मांडला होता. बियांकींना दोष देताना मी हात आखडता घेईन, कारण त्यांच्या देशात त्या आकाराच्या भट्ट्या चालत होत्या. दोष निर्णय घेणाऱ्यांचा होता. त्यांना मोठी गोष्ट म्हणजे आधुनिक गोष्ट असं वाटलं.

पुढे तानाका चोबेई या व्यापाऱ्याने तिथलं सामान घेतलं आणि त्याच्या माणसांनी लहान भट्ट्या बांधून धातू काढायचा सपाटा लावला. अठ्ठेचाळीस वेळा अपयश आलं. एकोणपन्नासाव्या खेपेला, 16 ऑक्टोबर 1886 रोजी, बीड वाहिलं. लहान भट्टी, लाकडी कोळसा आणि जवळचं खनिज. ताकातोंचाच हिशोब. त्या मोठ्या भट्टीचंही चीज झालं, पण 1894 मध्ये. नोरो कागेयोशी या जपानी धातुशास्त्रज्ञाने तिच्यात सुधारणा करून ती कोकवर चालवून दाखवली.

ताकातो 1890 मध्ये जपानच्या खाण संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांचा मुलगा मिचितारो फ्रायबर्गला शिकून आला आणि यावाताच्या सरकारी पोलाद कारखान्याचा तांत्रिक प्रमुख झाला. यावाताची पहिली झोतभट्टी 5 फेब्रुवारी 1901 रोजी पेटली. ताकातो 29 मार्च 1901 रोजी गेले. मुलाची भट्टी पेटल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली असणार. तीही जर्मन आराखड्याची होती, तीही आधी नीट चालली नाही आणि थांबवावी लागली. 1904 मध्ये पुन्हा नोरो आले, त्यांनी भट्टीचा आतला आकार आणि कोक दोन्ही सुधारून घेतले, आणि मग यावाता चाललं. पुढच्या शतकात जपानच्या पोलाद उद्योगाची भूक इतकी वाढली की मुरगाव बंदरातून गोव्याचं लोहखनिज जहाजं भरभरून तिकडे जाऊ लागलं.

लाकडी कोळशावरच्या बिडाचा विचार आता माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्या शेजारी कर्नाटकात भद्रावतीचा कारखाना 1923 मध्ये सुरू झाला तो लाकडी कोळशाच्या झोतभट्टीवरच. त्या बिडात गंधक नगण्य असे, म्हणून जुने ओतारी त्याचं नाव काढत. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातल्या कुणाच्या घरी वडिलांच्या किंवा आजोबांच्या वहीत त्या पिगच्या, म्हणजे भट्टीतून निघालेल्या बिडाच्या लाद्यांच्या, नोंदी असतील, कुठल्या कास्टिंगला किती टक्के घालत, चिल किती येई, तर मला जरूर लिहा. ताकातोंच्या बिडाशेजारी ते आकडे ठेवून पाहायचे आहेत.